एसएमएच्या औषधामागे पालकांचा पैसा

सोळा कोटींच्या इंजेक्शनसाठी मदतीची आवाहनं कोल्हापुरातही घरोघरच्या मोबाईलवर फिरली. आजार स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, म्हणजे एसएमए; जनुकातल्या दोषामुळे यात स्नायू दुबळे होत जातात. बाळ मान धरत नाही, पाय बेडकासारखे फाकलेले राहतात, श्वास घेताना छाती आत ओढली जाते. नजर मात्र तल्लख. हाक मारली की हसतं.

१९८४ साली कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी अपंगांसाठी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. त्याच वर्षी अमेरिकेत या आजाराच्या मुलांच्या पालकांनी ‘फॅमिलीज ऑफ एसएमए’ सुरू केली. त्यांनी वर्गणीचा पैसा प्रयोगशाळांकडे वळवला, तेव्हा आजाराचं जनुकही सापडलेलं नव्हतं.

ते, एसएमएन-१, सापडलं १९९५ मध्ये. या मुलांत ते निकामी असतं. शेजारचं एसएमएन-२ शाबूत असतं, पण त्यातून बहुतेक प्रथिन अर्धवट बनतं, कारण एक तुकडा गाळला जातो. तो का गाळला जातो, हे शोधणाऱ्या रवींद्र सिंग यांच्या प्रयोगशाळेला सुरुवातीचा निधी याच पालकांनी दिला. सिंग यांना सापडलेल्या जागीच २०१६ मध्ये मंजूर झालेलं नुसिनर्सेन हे औषध काम करतं. तो पैसा बुडण्याचीच शक्यता जास्त होती, आणि तरीही तो दिला गेला. माझ्या लेखी या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट हीच.

अमेरिकेतल्याच दिनकर सिंग आणि लॉरेन एंग या दांपत्याच्या मुलीला एसएमए निघाला. २००३ मध्ये त्यांनी ‘एसएमए फाउंडेशन’ काढलं, २००६ मध्ये पीटीसी या औषध कंपनीला हाताशी धरलं, पुढे रोश ही बडी औषध कंपनी आली. त्यातून २०२० मध्ये तोंडाने घ्यायचं औषध रिस्डिप्लाम आलं.

भारतात पालकांची संघटना २०१४ ची. २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणातली मदत पुढे ५० लाखांपर्यंत वाढली, पण ती ठरावीक केंद्रांतूनच मिळते. आपल्याकडच्या पालकांना त्यासाठी मुंबईचं केईएम गाठावं लागतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये रोशच्या पेटंटच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारल्यावर नॅटको या भारतीय कंपनीचं रिस्डिप्लामचं जेनेरिक बाजारात आलं. सहा लाखांच्या आसपासची बाटली १५,९०० रुपयांवर आली. वीस किलोंच्या मुलाला रोज ५ मिलिग्रॅम लागतं आणि बाटलीत असतं ६०, म्हणजे ती बारा दिवस पुरते. महिन्याचे चाळीस हजार शिरोलीच्या फाउंड्रीतल्या कामगाराला आजही झेपत नाहीत, आणि हे औषध जन्मभर घ्यायचं असतं.