बेस गिटारचा आवाज: फुलर्टनच्या आराखड्यापासून खानदेशातल्या मांडवापर्यंत

जळगाव, धुळे, भुसावळ किंवा नंदुरबारच्या एखाद्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार दिसली, तर तिचा आराखडा बहुतेक वेळा दोहोंपैकी एक असतो: १९५७ साली आजच्या रूपाला आलेली फेंडर कंपनीची प्रिसिजन किंवा तिचीच १९६० सालची जॅझ. कंपनी कोणतीही असो, गिटार इंडोनेशियात बनलेली असो की चीनमध्ये, तारेची लांबी, तारेचे कंपन विजेत बदलणाऱ्या पिकअपची जागा आणि नॉबखालच्या पॉटचा रोध हे निर्णय कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी साठ-सत्तर वर्षांपूर्वीच होऊन गेले. ते कशामुळे झाले हे समजले, की कोणती गिटार घ्यावी आणि तिच्यात पुढे काय बदलावे हा गोंधळ बराच कमी होतो. घेताना पाहायचे ते असे, जे नंतर बदलता येत नाही: स्केल (वाजणाऱ्या तारेची लांबी), नेक (गिटारची मान) आणि पिकअपची जागा. उरलेले बहुतेक सगळे स्क्रूड्रायव्हर, ॲलन की आणि सोल्डरिंग आयर्नने सुधारता येते.

उभा डबल बेस मोठा, वाहून न्यायला अवघड आणि ब्रास वाद्यांपुढे ऐकू न येणारा. सिॲटलच्या पॉल टुटमार्क यांनी १९३०च्या दशकात ऑडिओव्हॉक्स ७३६ हे फ्रेट (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) असलेले, आडवे धरायचे विजेवरचे वाद्य काढले. ते फारसे खपले नाही. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये आणलेल्या वाद्याला प्रिसिजन हे नाव फ्रेटमुळेच मिळाले, कारण बोट फ्रेटच्या मागे कुठेही पडले तरी सूर नेमका लागतो. स्केल ३४ इंच, म्हणजे ८६४ मिमी. सगळ्यात जाड ई तारेचा ४१ हर्ट्झचा सूर सैल न पडता लागावा आणि हातही पहिल्या फ्रेटपर्यंत पोचावा, यातला हा मध्य आहे. ३० इंचांच्या शॉर्ट स्केलवर हात सुखात राहतो, पण त्याच जाडीची ई तार सैल लागते आणि तिचा काठ बोथट होतो. मोठ्या मांडवात वाजवायचे असेल तर ३४ इंचच घ्यावे.

त्या काळची बेस आजच्यासारखी खणखणीत वाजत नव्हती. तारा फ्लॅटवाउंड (सपाट पट्टीने गुंडाळलेल्या), ब्रिजच्या (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाच्या) झाकणाखाली तारा दाबणारा म्यूट आणि १९५२चा बेसमन अँप्लिफायर आजच्या मानाने अशक्त. गोल, आखूड, ठाशीव असा जो ‘जुना’ सूर लोक शोधतात, तो या तिन्हींतून आलेला आहे. त्यासाठी पिकअप बदलायची गरज नाही. फ्लॅटवाउंड संच लावा, ब्रिजजवळ तारांखाली फोमचा १० ते १५ मिमी जाडीचा तुकडा सरकवा आणि टोनचा नॉब अर्ध्यावर आणा. मोटाऊन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमर्सन १९६२च्या प्रिसिजनवर फ्लॅटवाउंड आणि फोम घेऊनच वाजवत.

१९५७: दोन तुकड्यांचा पिकअप

पहिल्या प्रिसिजनवर एकच सिंगल कॉइल (तारेच्या एकाच गुंडाळीचा पिकअप) होती आणि ती विजेची गुणगुण उचलायची. १९५७ मध्ये ती कॉइल दोन भागांत तोडण्यात आली: एक भाग ई आणि ए तारांखाली, दुसरा डी आणि जी तारांखाली. दोन्हींची गुंडाळणी एकमेकींच्या उलट, चुंबकांची ध्रुवताही उलट आणि जोडणी एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये. बाहेरची गुणगुण दोन्ही कॉइलमध्ये उलटसुलट येऊन कटते. तारेचा आवाज मात्र कटत नाही, कारण प्रत्येक तार एकाच कॉइलवर असते.

पिकअप बदलताना होणाऱ्या चुका याच रचनेतून कळतात. प्रिसिजनच्या एका भागाच्या दोन वायर चुकून उलट लागल्या, तर सूर जवळजवळ तसाच राहतो, पण गुणगुण दुप्पट होते. पुष्कळ जण इथे नव्या पिकअपला दोष देतात. जॅझचे उलटे आहे. तिथे दोन्ही पिकअप चारही तारांखाली असतात. एकाच्या वायर उलट लागल्या, की दोन्ही नॉब पूर्ण उघडल्यावर खर्ज नाहीसा होतो आणि आवाज नाकातून आल्यासारखा बारीक लागतो. म्हणून काम झाल्यावर प्रिसिजनमध्ये गुणगुण ऐकायची, जॅझमध्ये खर्ज ऐकायचा.

डाग देण्याआधी (सोल्डर करण्याआधी) मल्टिमीटर लावून घ्या. प्रिसिजनच्या पिकअपचा रोध साधारण १० ते १२ किलोओम येतो. तो ५-६ आला तर एक भाग शॉर्ट आहे किंवा जोडणीतून सुटला आहे. ३च्या आसपास आला तर दोन्ही भाग पॅरललमध्ये जोडले गेले आहेत. काहीच दाखवत नसेल तर कुठेतरी तार तुटली आहे. जॅझच्या प्रत्येक पिकअपचा रोध ७ ते ८ किलोओम असतो.

१९६०: दोन पिकअप, बारीक नेक

जॅझ बेसच्या नेकची रुंदी नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात तिथे) ३८ मिमी. सुरुवातीच्या प्रिसिजनची ४४ मिमी, आजच्या बऱ्याच प्रिसिजनची ४१-४२. लहान हातांना जॅझ सोपी जाते आणि हा फरक नंतर कुठल्याही सुधारणेने मिळत नाही, म्हणून दुकानात आधी नेक हातात धरून पाहावी. ब्रिजजवळचा पिकअप तारेच्या अशा भागाखाली येतो जिथे ती कमी हलते; मूळ सूर कमी आणि वरचे स्वरांश जास्त मिळतात. सत्तरच्या दशकात फेंडरने हा पिकअप ब्रिजकडे सुमारे १० मिमी सरकवला. सत्तरची जॅझ जास्त कडक, चावऱ्या आवाजाची वाटते, त्याचे एक मोठे कारण हेच. साठच्या जागेचे लाकूड कोरलेली गिटार सत्तरसारखी वाजवायची म्हटले तर राउटरने नवी खाच मारावी लागेल, आणि ते करू नये.

जॅझचे दोन्ही पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम सारखे असतानाच गुणगुण कटते. एक नॉब जरा खाली आला की ती परत येते. आपल्याकडे खूप दिसणाऱ्या पी-जे जोडीत (पुढे प्रिसिजनचा, मागे जॅझचा पिकअप), उदाहरणार्थ यामाहा टीआरबीएक्स १७४ किंवा आयबानेझ जीएसआर २००, पुढचा पिकअप स्वतःच शांत असतो, पण मागचा साधा सिंगल कॉइल असेल तर तो उघडला की गुणगुण येते. इथे एकच बदल पुरतो: मागे दोन कॉइल एकावर एक रचलेला, जॅझच्याच मापाचा पिकअप बसवणे. पिकअप विकत घेण्याआधी जुन्याची लांबी-रुंदी मिमीमध्ये मोजा. जॅझच्या पुढच्या आणि मागच्या पिकअपच्या लांबीतही दोन-तीन मिमीचा फरक असतो.

साठच्याच दशकात रोटोसाउंडच्या राउंडवाउंड (गोल तारेने गुंडाळलेल्या) तारा आल्या आणि द हू या ब्रिटिश बँडचे जॉन एंटविसल यांच्यासारख्या वादकांनी बेस पुढे आणली. १९६९च्या अँपेग एसव्हीटी अँप्लिफायरने ३०० वॉटची ताकद दिली. मग जुन्या वाद्यातल्या उणिवा ऐकू येऊ लागल्या आणि त्यातून सत्तरचे दशक हे फेरफारांचे दशक झाले. अलेम्बिकने गिटारच्या आतच प्रीअँप (आवाज आधीच वाढवणारे छोटे सर्किट) बसवला, लिओ क्वानचा बॅडॲस हा जड ब्रिज आला, डिमार्झिओचे बदली पिकअप आले. १९७६ मध्ये म्युझिक मॅनच्या स्टिंगरेने बॅटरीवरचा प्रीअँप थेट कारखान्यातून दिला.

पॅसिव्ह, म्हणजे प्रीअँप नसलेल्या बेसमध्ये केबलही आवाजात भाग घेते. तिची धारिता मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. ६ मीटरला ६००. पिकअपबरोबर मिळून ती वरची धार खाली ओढते. १५ मीटरची स्वस्त केबल लावून ‘पिकअप मंद आहे’ असे म्हणणे चूक आहे. ॲक्टिव्ह प्रीअँपने हा परिणाम जवळजवळ जातो. पण त्याचा बास नॉब पूर्ण वर फिरवला, तर मांडवातल्या लहान स्पीकरला न झेपणारे ४०-५० हर्ट्झ आत ढकलले जातात, कोन फडफडतो आणि सूर उलट पुसट होतो. त्याऐवजी मिक्सरवर २५० हर्ट्झच्या आसपास ३-४ डेसिबल कमी करावे. बॅटरीची वायर जॅकच्या रिंगमधून जाते, म्हणून वाजवणे संपले की प्लग काढायचा. तो राहिला तर सेल उतरत राहतो.

भारतात, आणि इकडे

मुंबईच्या चित्रपटसंगीतात बेस गिटार साठ-सत्तरच्या दशकांत रुळली. राहुलदेव बर्मन यांच्या वादकवृंदातले टोनी वाझ यांची बेस असंख्य श्रोत्यांच्या कानांत आहे. आयातीवरच्या निर्बंधांमुळे परदेशी वाद्य मिळणे कठीण होते आणि कोलकात्याच्या गिव्हसनसारख्या देशी गिटारांवर अनेकांनी हात बसवला. हाताशी आहे तेच सुधारून वाजवायची सवय त्या काळातली आहे. पुढे कीबोर्डच्या डाव्या हाताने बेसची जागा घेतली. आजही अहिराणी गाण्यांच्या ध्वनिमुद्रणात खर्ज बहुधा कीबोर्डवरच वाजतो, आणि माणसाने तारेवर वाजवलेल्या बेसला तिथे भरपूर जागा आहे असे आमचे ठाम मत आहे.

खानदेशात आवाज बिघडवणाऱ्या दोन गोष्टी मात्र फुलर्टनच्या आराखड्यात नाहीत: ऊन आणि अर्थिंग.

एप्रिल-मे महिन्यात इथे पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि हवा कोरडी असते. लाकूड आकसते, फ्रेटची टोके नेकच्या कडेला बोटाला टोचू लागतात. पावसाळ्यात तेच लाकूड ओलावा घेते आणि नेकचा बाक बदलतो. म्हणून सेटअप वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि जुलैच्या मध्यावर तपासावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चाप) लावा, ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट फीलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) मोजा: ०.२५ ते ०.३५ मिमी हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घड्याळाच्या दिशेने फिरवावा, एका वेळी अष्टमांश फेराच. मग पुन्हा सुरात लावून काही तास थांबा. ४५–१०५ च्या संचाचा ताण ७० ते ८० किलो असतो आणि लाकूड हळूहळू बसते. रॉड जोर लावूनही फिरत नसेल तर थांबा, कारण तुटलेला रॉड बदलायला फिंगरबोर्ड उखडावा लागतो. मग बाराव्या फ्रेटवर तारेची उंची: ई २.५ मिमी, जी २ मिमी. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपासूनचे अंतर ई बाजूला ३, जी बाजूला २ ते २.५ मिमी. पिकअप याहून जवळ आणला तर चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर थरथरतो. गिटार बंद गाडीत किंवा टेम्पोच्या टपावर उन्हात ठेवली तर ६०-६५ अंशांपुढे लाकडाचा डिंक मऊ पडू लागतो.

अर्थिंगचे प्रकरण जास्त गंभीर आहे, कारण त्यात जीव जाऊ शकतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंगचा रोध वाढतो. जनरेटरवरच्या मांडवात तर पुष्कळदा अर्थची सळईच ठोकलेली नसते. तारांना हात लागताच गुणगुण कमी होत असेल, तर गिटारची अर्थ वायर नीट आहे आणि शील्डिंग (गुणगुण अडवणारे धातूचे अस्तर) अपुरे आहे. वाजवण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला, दुसरे माईकच्या जाळीला लावा. शून्याच्या जवळ असेल तरच उभे राहा; तीस-चाळीस व्होल्ट दिसले तर आधी वायरमन बोलवा. गुणगुण जावी म्हणून अँपच्या प्लगची अर्थ पिन कधीही तोडू नये. त्यासाठी डीआय बॉक्सवर (गिटारचा सिग्नल मिक्सरला देणाऱ्या पेटीवर) ग्राउंड लिफ्टचा, म्हणजे सिग्नल केबलची अर्थ सोडवण्याचा खटका असतो.

शील्डिंगसाठी चिकट बाजूनेही वीज वाहणारी तांब्याची पट्टी घ्या. ती पिकअप आणि पॉटच्या खाचेच्या तळाला आणि भिंतींना लावा, जोडांवर ५ मिमी चढवा, प्रत्येक तुकडा मीटरने तपासा आणि एक वायर पॉटच्या पाठीला जोडा. स्वयंपाकाची ॲल्युमिनियम फॉइल चिकटते, पण तिला साधे कथिल धरत नाही. पॉटच्या पाठीला डाग द्यायला २५ वॉटचे आयर्न अपुरे पडते. पाठ पॉलिशपेपरने खरवडा, ४० ते ६० वॉटने तीन-चार सेकंदांत काम संपवा. रेंगाळलात तर आतला पट्टा जळतो.

पॉट २५० किलोओमचे, टोनसाठी लॉग, म्हणजे ए२५०के. रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानात १००के सहज मिळतो, पण तो लावला की वरची धार मरते. कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरड, त्यावर ४७३ छापलेले असते. दोन-पाच रुपयांच्या आणि पाचशेच्या कपॅसिटरमध्ये धारिता सारखी असेल तर बेसवर फरक ऐकू येत नाही. मोठा पॉट बसवायला स्वस्त गिटारचे ७-८ मिमीचे भोक ९.५ मिमीपर्यंत वाढवावे लागते. ते रीमरने वाढवावे, ड्रिल मारले तर रंगाचे टवके उडतात.

नवी बॉडी करून घ्यायची तर सातपुड्याच्या पायथ्याच्या भागात सागाचा विचार पहिला येतो. साग टिकाऊ आणि उन्हा-पावसात कमी हलणारा, पण फेंडरच्या आल्डर लाकडापेक्षा जड. प्रिसिजनच्या मापाची, ४४ मिमी जाडीची बॉडी सागात पाऊण ते एक किलोने जड भरते, आणि तीन तासांच्या कार्यक्रमात ते खांद्याला कळते. जुन्या धाब्याच्या घरांच्या तुळयांचा साग उत्तम मुरलेला असतो. मात्र त्यात मोडलेले खिळे असतात, म्हणून राउटर लावण्याआधी चुंबक फिरवावा. सागात नैसर्गिक तेल असल्याने डिंक धरत नाही: जोडायच्या बाजू ॲसिटोनने पुसून, त्या वाळताच लगेच डिंक लावून क्लँप घट्ट करावेत आणि चोवीस तास सोडू नयेत.