कलमीला पिठात जागा नाही

मे महिन्यात भाची नागपूरहून आली की दुपारभर तिला गुंतवायचं कशात, हा आमच्या घरातला मोठा प्रश्न असतो. आर्वी तालुक्यातलं आमचं गाव, बाहेर ४४ अंश, आंब्याखालीही झळा लागतात. यंदा तिने मोबाइलवर एका घासाचे, दालचिनी-साखरेत घोळलेले पाव पाहिले होते. "मामा, आपण करू नं हे." तालुक्याहून कोरडं यीस्ट आणलं, पाव किलो मैदा भिजवला. चव सगळीकडे सारखी लागावी म्हणून मी शहाणपणा करून दोन चमचे दालचिनीपूड पिठातच मिसळली.

पाऊण तास गेला, तास गेला, पीठ जिथल्या तिथे.

आईने गंजावरचं, म्हणजे पातेल्यावरचं, फडकं उचलून पाहिलं. "कलमी कायले टाकली त्यात? कलमी तं मटनाच्या मसाल्यात राह्यते." आमच्याकडे दालचिनीला कलमीच म्हणतात. आईची तक्रार चवीबद्दलची होती, पण बोट मात्र नेमक्या जागी पडलं होतं.

माझा पहिला संशय पाण्यावर होता. यीस्ट ही सजीव वस्तू. डोळ्यांना दिसणार नाहीत अशा एकपेशीय बुरशीच्या अब्जावधी पेशी त्या चिमूटभर दाण्यांमध्ये झोपलेल्या असतात. ओल मिळाली की त्या जाग्या होतात, साखर खातात आणि ग्लुकोजच्या एका रेणूपासून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू तयार करतात. २५ ते ३५ अंश तापमान त्यांना मानवतं, चाळिशीपुढे त्या मरगळतात आणि ५५ ते ६० अंशांच्या आसपास मरतात. मे महिन्यात भर दुपारी छतावरच्या टाकीचं पाणी नळातून घेतलं की हात पटकन मागे येतो. मी तेच पाणी वापरलं होतं, म्हणून वाटलं की यीस्ट बिचारं शिजलं.

दुसऱ्या दिवशी मग भाचीसोबत नीट परीक्षाच घेतली. माठातलं पाणी, एकाच पुडीतलं यीस्ट, एकच पीठ. त्याचे दोन भाग केले, एकात कलमी मिसळली, दुसरा कोरा ठेवला. दोन्ही गोळे सारख्या आकाराच्या स्टीलच्या पेल्यांत दाबले आणि पेले माठाच्या तिवईखाली सावलीत ठेवले. पन्नास मिनिटांत कोरं पीठ पेल्याच्या काठावर डोकावू लागलं. कलमीचं पीठ जेमतेम बोटभर चढलं होतं. म्हणजे पीठ अडवायला एकटी कलमीही पुरेशी होती.

दालचिनी म्हणजे झाडाची साल. सालीचं काम झाडाला किडीपासून आणि बुरशीपासून जपायचं. या सालीतल्या तेलाचा मुख्य घटक म्हणजे सिनॅमाल्डिहाइड. तो १८३४ मध्ये ड्यूमा आणि पेलिगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी वेगळा काढला. आपल्याला जो वास खमंग लागतो, तो बुरशीच्या पेशीसाठी विष आहे. तो पेशीच्या आवरणाला इजा करतो, तिचं काम मंदावतो. यीस्ट ही बुरशीच. पाव फुगवणारी बुरशी आणि लोणच्यावर चढणारी बुरशी यांत झाडाची साल फरक करत नाही. त्यामुळे मुरलेले बेकरीवाले कलमी सहसा पिठात कालवत नाहीत. ती लाटलेल्या पोळीवर साखर-लोण्यासोबत पसरून गुंडाळी करतात, नाहीतर भाजून झाल्यावर वरून लावतात. यीस्ट मिळालंच नाही आणि ताक-सोड्यावर भागवायचं असेल, तर मात्र कलमी आत टाका की बाहेर, सोड्याला मरायची भीती नाही.

आता पिठाविषयी. फुगण्यासाठी वायू लागतो, तसा तो धरून ठेवणारा फुगाही लागतो. गव्हाच्या पिठात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी मिळालं आणि मळणं झालं की दोन्ही मिळून ग्लुटेनचं जाळं विणतात. पहिल्यामुळे पीठ ताणलं जातं, दुसऱ्यामुळे ते मागे खेचलं जातं. पीठ धुऊन हा चिवट भाग वेगळा काढण्याची कृती इटलीतल्या याकोपो बेक्कारी यांनी लिहिली, ती १७४५ मध्ये छापली गेली. विदर्भातल्या माणसाला मात्र ग्लुटेन पाहायला प्रयोगशाळा नको. लंबी रोटी करणारी बाई सैलसर कणीक पाणी लावत लावत आपटते, हातावर झुलवते आणि पदरासारखी पातळ करून उपड्या मडक्यावर टाकते. ती कणीक फाटत नाही, कारण आपटून आपटून तिच्यातलं जाळं पक्कं झालेलं असतं. आमच्या पावाला एवढी मेहनत नको, दहा मिनिटं मळलं की पुरे. अर्धा चमचा मीठ, दोन मोठे चमचे साखर, दोन मोठे चमचे तूप आणि लागेल तसं कोमट दूध. साखर याहून फार वाढवू नका, ती पाणी स्वतःकडे ओढून घेते आणि यीस्ट तहानलेलं राहतं.

ओव्हनचं काय? ज्या मुलखात रोडगे होतात तिथे हा प्रश्न पडू नये. मारुतीच्या देवळाजवळ गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे मुठीएवढे गोळे पुरून ठेवायचे, वर राख लोटायची, तोवर वांग्याची भाजी करायची. बेकिंग म्हणतात ते हेच, चारही बाजूंनी कोरडी, संथ उष्णता. घरात आम्ही जाड बुडाचा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, गंज घेतला, तळाशी दोन बोटं जाडं मीठ पसरलं, त्यावर कडं, कड्यावर ताटली, वर घट्ट झाकण. मीठ ८०१ अंशांपर्यंत वितळत नाही, त्यामुळे ते निव्वळ उष्णता साठवायचं काम करतं आणि आचेतले चढउतार सोसून घेतं. पंधरा मिनिटं गंज नुसताच तापू द्यायचा. आतलं तापमान कळायला थर्मामीटर नसेल तर वाटीत चिमूटभर साखर ठेवून पाहा. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. दाणे वितळून पाक झाला तर आच जास्त आहे.

रोडग्याला खूप वेळ लागतो आणि हे पाव बारा-चौदा मिनिटांत होतात, यामागे साधी भूमिती आहे. ६ सेंटिमीटर व्यासाचा एक गोळा घ्या. तेवढ्याच पिठातून ३ सेंटिमीटरचे आठ गोळे होतात. एका मोठ्या गोळ्याचा पृष्ठभाग ११३ चौरस सेंटिमीटर, आठ लहानांचा मिळून २२६, म्हणजे दुप्पट. उष्णता मध्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ तर अंतराच्या वर्गाच्या हिशेबात बदलतो. अंतर निम्मं केलं की वेळ जवळपास चौथाईवर येतो. एका घासाच्या खाऊची गंमत इथेच आहे. खरपूस कवच दुप्पट, कलमी-साखर लागायला जागा दुप्पट, आणि गॅस कमी.

गंजात काय चाललंय ते भाचीला झाकणाला कान लावून ऐकायचं होतं. तिला चटका बसण्याआधी मी सांगून टाकलं. आधी वायूचे बुडबुडे प्रसरण पावतात, यीस्ट शेवटची धाव घेतं आणि मरतं. साठीच्या आसपास स्टार्च पाणी पिऊन फुगू लागतो, पुढे ग्लुटेन घट्ट होतं आणि जाळीला आकार मिळतो. आतला भाग ओला असेतो १०० अंशांपुढे जातच नाही. बाहेरचं कवच वाळलं की त्याचं तापमान चढतं, आणि १४० अंशांच्या पुढेमागे प्रथिनं आणि साखरा मिळून तपकिरी, सुवासिक पदार्थ झपाट्याने तयार करू लागतात. या क्रियेचं वर्णन लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये केलं. भाकरीवरचे डाग आणि रोडग्याची साल हे याच घराण्यातले. वरून दुधाचा हात फिरवला तर रंग लवकर येतो, कारण दुधात प्रथिनंही असतात आणि साखरही.

आता कलमी. सहा मोठे चमचे साखर, दोन छोटे चमचे कलमीपूड. पाव गरम असतानाच वितळलेल्या तुपात बुडवून त्यात घोळवायचे. पाककृतींत बहुधा लोणी सांगतात. माझं मत तुपाच्या बाजूचं आहे, आणि ते फक्त वऱ्हाडी अभिमानातून आलेलं नाही. बाजारच्या लोण्यात १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं. त्या पाण्यात साखरेचे दाणे विरघळतात आणि कवच चिकट होतं. तुपात पाणी जवळपास नसतं, साखर दाताखाली कुरकुरीत राहते. शिवाय सिनॅमाल्डिहाइड पाण्यात फारसा विरघळत नाही, तुपात सहज विरघळतो, म्हणून वास पावावर टिकतो. पावसाळ्यात मात्र तूपही हात टेकतं. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की साखर हवेतलंच पाणी ओढून पाझरते. श्रावणात केलेत तर त्याच दिवशी संपवा.

कलमी जिभेला थोडी गरम लागते. तो भास आहे. आपल्या मज्जातंतूंवर टीआरपीए-१ नावाचा एक संवेदक असतो, मोहरीची झणझण तोच ओळखतो आणि सिनॅमाल्डिहाइडही त्यालाच जागं करतो. तर्रीतल्या मिरचीचा संवेदक वेगळा, टीआरपीव्ही-१. अशा संवेदकांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

आमच्या किराण्यात मिळते ती जाड, कडक, एकाच वळणाची साल बहुधा कॅसिया असते. श्रीलंकेची खरी दालचिनी पातळ, अनेक पदरांची, बोटांनी चुरा होणारी. तेजपानाचं झाडही याच कुळातलं. कॅसियात कूमरिन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि ते जास्त झालं तर काही जणांच्या यकृताला त्रास देतं. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने रोजची मर्यादा दर किलो वजनाला ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे. जर्मन तज्ज्ञांच्या हिशेबाने १५ किलोच्या मुलाला रोज अर्धा ग्रॅम कॅसिया. ही मर्यादा आयुष्यभर रोज खाण्याची आहे, सुट्टीतल्या एका दुपारची नाही.

पण भाचीला हिशेब हवाच होता. तिला सोयाबीन तोलायच्या काट्यावर उभं केलं, २२ किलो भरली. पाच ग्रॅम कलमी, तीस पाव, म्हणजे एकात साधारण ०.१७ ग्रॅम. त्या मर्यादेच्या हिशेबाने तिच्या वाट्याला चार आले. तिने ताटलीकडे पाहिलं, मग आजीलाच काट्यावर चढवलं. ५४ किलो.

"आजी, तुझे दहा होतेत. तुला तं दात नाहीत, सहा मला दे."

आईने एक पाव उचलून चहात बुडवला. "गुलगुल्यासारखंच तं आहे हे," ती म्हणाली आणि ताटली आपल्याकडे ओढून घेतली.