बुद्ध्यांक (आयक्यू)

माणसाची बुद्धी आकड्यात सांगायची ही सगळ्यात गाजलेली पद्धत. बोलताना सगळे आयक्यूच म्हणतात.

याचा जनक कोण, यावर घोळ आहे. बरेच जण फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांचं नाव सांगून मोकळे होतात, पण ते अर्धंच बरोबर. बिने आणि त्यांचे सहकारी सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिसला ३० प्रश्नांची चाचणी काढली ती वर्गात मागे पडणारी, वेगळं शिकवावं लागेल अशी मुलं हुडकायला. माशी आणि फुलपाखरात फरक काय, लाकूड आणि काचेत काय, असे प्रश्न, आणि वस्तू समोर न ठेवता आठवून सांगायचं. १९०८ ला प्रश्न वयाप्रमाणे लावले, तिथून मानसिक वयाची, म्हणजे मूल कितव्या वर्षाचे प्रश्न सोडवू शकतं याची, कल्पना रुजली. मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायचं, हा भागाकार मात्र जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांचा, १९१२ चा. दहा वर्षांचं मूल दोन वर्षं मागे असणं आणि चार वर्षांचं दोन वर्षं मागे असणं सारखं कसं धरणार, भागलं की पहिल्याचे ०.८ येतात, दुसऱ्याचे ०.५. पुढे १०० ने गुणणं रूढ केलं अमेरिकेतल्या टर्मन यांनी, १९१६ ला. बिने १९११ लाच वारले होते, म्हणजे हा आकडा त्यांनी पाहिलाच नाही.

आता तो भागाकारही कोणी करत नाही, कारण चाळिशीतल्या माणसाचं मानसिक वय काय काढणार? समवयस्कांशी तुलना करतात, सरासरी १०० धरून, आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप, १५ धरून.

बुद्धी एक की अनेक? मानसशास्त्रज्ञांतच मतभेद आहेत: स्पिअरमन (१९०४) सगळ्या बौद्धिक कामांमागे एक सामान्य घटक मानतात, थर्स्टन सात वेगवेगळ्या क्षमता. गार्डनर यांच्या बहुविध बुद्धिमत्ता (१९८३), म्हणजे संगीत, भाषा अशा प्रत्येकाची बुद्धी वेगळी, शिक्षकांना फार आवडतात, मोजमापाचा पुरावा मात्र त्यामागे तोकडाच.

शिकण्याशी संबंध आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. शाळेतल्या मार्कांशी सहसंबंध (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पूर्ण) साधारण ०.५, त्याचा वर्ग ०.२५, म्हणजे मार्कांतल्या फरकाचा पाऊण हिस्सा बुद्ध्यांकातून कळतच नाही. उलट बाजूही आहे, शाळेचं एकेक वर्ष वाढलं की बुद्ध्यांक १ ते ५ अंकांनी वाढतो असं अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या २०१८ च्या एका मोठ्या विश्लेषणात दिसलं.

मराठी आणि कन्नड मुलांसाठी बिने चाचणीची आवृत्ती व्ही. व्ही. कामत यांनी केली, त्यांचं पुस्तक १९४० च्या सुमाराचं. महाराष्ट्रात बहुतेकांची गाठ पडते ती शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीशी, कधी चौथी-सातवीला, कधी पाचवी-आठवीला. संख्यामालिका, सांकेतिक भाषा, आरशातली प्रतिमा वगैरे, गाइड आणून घोटून घेतलेलं. तिथे मिळतात ते मार्क, बुद्ध्यांक नव्हे.