काळ्याशेजारी काळी : डेस्कटॉपच्या जोडण्या आजच्या रूपाला कशा आल्या

पहिल्यांदाच डेस्कटॉप जोडणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो : बसत नसेल तर उलटे धरले असेल, जोर लावू नकोस. सल्ला निम्माच खरा आहे. २४ पिनांचा पॉवर प्लग आणि रॅम यांना बऱ्यापैकी जोर लावावाच लागतो. उलट काही जोडण्या चुकीच्या जागीही अगदी अलगद बसतात. कुठे प्लास्टिक आपल्याला अडवते आणि कुठे अडवत नाही, यामागे चाळीसेक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात जळालेले मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ती मुख्य पाटी) बरेच आहेत.

आयबीएमचा पहिला पीसी १९८१ साली आला. त्यातल्या एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, मदरबोर्डकडे सहा-सहा वायरींचे दोन प्लग येत, पी८ आणि पी९. बोर्डावर ते एका ओळीत शेजारी-शेजारी बसत. प्लास्टिकच्या दातांमुळे प्लग थोडा तिरका धरून आत अडकवावा लागे आणि मग सरळ करून दाबावा लागे. उलटा तो बसत नसे, पण दोन्ही प्लगांचा आकार सारखाच असल्याने पी८ च्या जागी पी९ बिनतक्रार बसे. तसे झाले की बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनांवर ग्राउंड आणि उणे १२ व्होल्ट जात, तर ग्राउंडच्या पिनांवर ५ व्होल्ट. बटण दाबले की बोर्ड संपला. त्यावर उपाय म्हणजे एक तोंडी नियम : दोन्ही प्लगांच्या काळ्या, म्हणजे ग्राउंडच्या, वायरी मधोमध, एकमेकींना लागून. नव्वदच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून ‘असेंबल्ड’ पीसी जोडले जात, तेव्हाही हाच नियम बोर्ड वाचवत होता.

एटी नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या जुन्या पद्धतीच्या कॅबिनेटमध्ये आणखी एक धोका होता. पुढचे पॉवर बटण थेट मेन्सच्या २३० व्होल्टवर चाले. प्लगकडून दोन वायरी बटणापर्यंत येत आणि तिथून दोन एसएमपीएसकडे परत जात. या चारांच्या जोड्या चुकल्या की बटण दाबताच फेज आणि न्यूट्रल एकमेकांना भिडत.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे नवे प्रमाण आणले आणि ही दोन्ही दुखणी एकदम गेली. दोन प्लगांऐवजी २० पिनांचा एकच प्लग आला. तो हातात घेऊन तोंडाकडून पाहिला तर काही घरे चौकोनी दिसतात, काहींचे कोपरे तासलेले असतात. सॉकेटमध्ये त्यांचाच जोड असतो, म्हणून तो एकाच बाजूने बसतो. बटणही आता मेन्सला धरत नाही. ते मदरबोर्डला फक्त खूण करते, बोर्ड हिरवी वायर ग्राउंडला जोडतो आणि एसएमपीएस सुरू होतो. या सोयीची किंमत मात्र आहे. पीसी बंद असतानाही जांभळ्या वायरीतून ५ व्होल्ट बोर्डावर येतच राहतात. म्हणून रॅम किंवा कार्ड काढण्याआधी भिंतीवरचे बटण बंद करायचे आणि बोर्डावरचा दिवा विझेपर्यंत थांबायचे. शट डाउन केले एवढे पुरत नाही.

तोपर्यंत प्रोसेसरची वीज मुख्यतः ५ आणि ३.३ व्होल्टच्या वायरींतून येत होती. प्रोसेसर ५०-६० वॉट मागू लागला, तेव्हा ५ व्होल्टवर १० अँपियरच्या पुढे करंट जाऊ लागला. तेवढीच वीज १२ व्होल्टवर ५ अँपियरमध्ये भागते, वायरी आणि पिना कमी तापतात. म्हणून २००० साली, पेंटियम ४ च्या सुमारास, १२ व्होल्टचा स्वतंत्र चार पिनांचा प्लग आला. पुढे तो आठ पिनांचा झाला. २००३ मध्ये मुख्य प्लगही २० वरून २४ पिनांचा झाला. नवशिक्याची सर्वांत नेहमीची चूक इथूनच निघते. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला प्रोसेसरचा प्लग राहून जातो. पंखे फिरतात, दिवे लागतात, पडद्यावर काहीच येत नाही, कारण पंख्यांना मुख्य प्लग पुरतो, प्रोसेसरला नाही.

ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा प्लग याचाच जुळा भाऊ दिसतो, पण दोघांचे ध्रुव उलटे आहेत. प्रोसेसरच्या प्लगात खटक्याच्या (प्लग अडकवून धरणाऱ्या पट्टीच्या) बाजूला १२ व्होल्ट असतात, कार्डाच्या प्लगात त्याच बाजूला ग्राउंड. ओळखायची खूण सोपी आहे : प्रोसेसरचा प्लग चार अधिक चार असा फुटतो, कार्डाचा सहा अधिक दोन असा. जोर लावू नकोस हा सल्ला इथे मात्र शब्दशः पाळायचा.

डेटा केबलींची कथा लवकर आटपते. हार्ड डिस्कच्या जुन्या आयडीई जोडणीच्या ४० पिनांच्या पट्टी केबलला एका कडेला लाल रेघ असे, ती एक नंबरच्या पिनकडे ठेवायची. एका केबलवरच्या दोन ड्राइव्हांपैकी मास्टर कोण आणि स्लेव्ह कोण हे जंपर (दोन पिना जोडणारी बारकी टोपी) लावून ठरवायचे. फ्लॉपीची केबल उलटी लागली तर ड्राइव्हचा दिवा सतत जळत राही, तेवढीच सूचना. २००३ पासून आयडीईच्या जागी आलेल्या सॅटाच्या इंग्रजी ‘एल’ आकाराच्या खाचेने हे सगळे संपवले. ती खाच नाजूक आहे, केबल वाकडी ओढली तर ड्राइव्हवरचे प्लास्टिक तुटते.

प्रमाण ठरवूनही गोंधळ शिल्लक राहिला तो फ्रंट पॅनलच्या, म्हणजे कॅबिनेटच्या पुढच्या बटणांच्या आणि दिव्यांच्या, पिनांवर. बहुतेक बोर्ड इंटेलची मांडणी पाळतात : दहाची जागा, दहावी पिन गाळलेली. १ आणि ३ वर हार्ड डिस्कचा दिवा, २ आणि ४ वर पॉवरचा दिवा, ५ आणि ७ वर रीसेट, ६ आणि ८ वर पॉवर बटण. पण कॅबिनेटवाले अजूनही सुटे बारके प्लग देतात, आणि पॉवरच्या दिव्याचा प्लग काही वेळा तीन घरे रुंद असतो, एटीच्या दिवसांतला. तो दोन पिनांवर बसतच नाही. बटणांना उलट-सुलट नसते, दिव्यांना असते. उलटा लागलेला दिवा खराब होत नाही, फक्त पेटत नाही. बटणच नादुरुस्त आहे अशी शंका आली तर ६ आणि ८ या पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडून पाहायच्या.

खरे नुकसान होते ते मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या काढता येणाऱ्या, एसएमपीएसमध्ये. केबलीचे बोर्डाकडचे टोक प्रमाणबद्ध आहे. एसएमपीएसकडच्या टोकाबद्दल एटीएक्स काहीच सांगत नाही. प्रत्येक कंपनी, कधी एकाच कंपनीचे दोन मॉडेल, तिथल्या पिना वेगळ्या लावतात, आणि प्लग मात्र बसतो. जुन्या एसएमपीएसची सॅटा केबल नव्याला लावली आणि ५ च्या जागी १२ व्होल्ट गेले, तर एसएसडी डेटासकट जाते. पी८-पी९ चाच प्रसंग, फक्त काळ्या वायरींचा नियम इथे कामाला येत नाही, कारण आजच्या बहुतेक मॉड्युलर केबलींत सगळ्याच वायरी काळ्या असतात. म्हणून एसएमपीएस बदलला की त्याच्या केबलीही बदलायच्या.

२०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांसाठी १२ अधिक ४ पिनांचा बारका प्लग आला. तो ६०० वॉटपर्यंत वाहतो, म्हणजे ५० अँपियर, ते सहा पिनांत वाटून प्रत्येकी ८ च्या वर. मर्यादेला इतके जवळ गेल्यावर अर्धवट बसलेला प्लग माफ होत नाही, आणि त्याच वर्षी प्लग वितळल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. २०२३ च्या सुधारित रूपात खुणेच्या (फक्त संकेत देणाऱ्या) चार पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग पुरता आत गेल्याखेरीज कार्ड वीज मागतच नाही. जुना असो वा नवा, तो कॅबिनेटबाहेर असतानाच एकदा लावून पाहावा : प्लग आणि सॉकेट यांच्यामध्ये नखाएवढीही फट दिसता कामा नये, वायरी पहिले तीन-चार सेंटिमीटर सरळ जाऊ द्याव्यात, आणि बाजूची काच लावताना ती केबलला दाबत नाही ना, हे वाकून पाहावे.