इन्कॉग्निटो आणि टॉर: लपायचे कोणापासून?

काळी खिडकी उघडली की आपण इंटरनेटवर निनावी झालो, असा समज फार पसरलेला आहे. क्रोमचे इन्कॉग्निटो, फायरफॉक्सची प्रायव्हेट विंडो आणि टॉर ब्राउझर ही तिन्ही नावे लोक एका दमात घेतात. पहिली दोन एकाच जातीची आहेत. तिसऱ्याचे काम पूर्ण वेगळे.

फरक डोळ्यांनी पाहता येतो. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन, किंवा फायरफॉक्समध्ये एनऐवजी पी दाबून खासगी खिडकी उघडा आणि चेक डॉट टॉरप्रोजेक्ट डॉट ऑर्ग या पत्त्यावर जा. साध्या खिडकीत दिसतो तोच आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर तुमची जोडणी ओळखणारा क्रमांक, इथेही दिसेल, आणि तुम्ही टॉर वापरत नाही असे ते पान स्पष्ट सांगेल. तेच पान टॉर ब्राउझरमध्ये उघडले, तर पत्ता दुसऱ्याच कोणाचा, बहुतेकदा परदेशातला असतो.

म्हणजे इन्कॉग्निटो लपवते ते तुमच्यानंतर त्याच खुर्चीत बसणाऱ्या माणसापासून. खिडकी मिटली की हिस्टरी, कुकी (साइटने तुम्हाला ओळखण्यासाठी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) आणि फॉर्ममध्ये भरलेली माहिती त्या संगणकावरून जाते. मात्र सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्या मिळून एकच सत्र असते. एक बंद केली आणि दुसरी टास्कबारवर तशीच राहिली, तर कुकी जिवंत राहतात आणि पुढचा माणूस तुमच्या मेलमध्ये थेट पोचतो. डाउनलोड केलेल्या फायली आणि बुकमार्कही पुसले जात नाहीत. सायबर कॅफेत प्रवेशाचा फॉर्म भरताना नेमके हेच होते: खिडकी बंद केली जाते, पण आधार कार्डाची आणि गुणपत्रिकेची पीडीएफ डाउनलोड फोल्डरमध्ये पडून राहते. ती हाताने काढा, आणि मग रीसायकल बिनही रिकामा करा.

खिडकीबाहेरच्या जगाला काहीच फरक पडत नाही. इंटरनेट पुरवणारी कंपनी किंवा ऑफिसचे नेटवर्क चालवणारा माणूस तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे पाहू शकतो. एचटीटीपीएस, म्हणजे साइटशी कूटबद्ध जोडणी, असले तर आतले नेमके पान दिसत नाही, साइटचे नाव मात्र सहसा दिसते. समोरच्या साइटलाही तुमचा खरा आयपी पत्ता मिळतो. ‘खासगी’ या शब्दावरून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर दावा झाला. २०२४ च्या तडजोडीत कंपनीने या खिडक्यांतून गोळा झालेल्या जुन्या नोंदी नष्ट करण्याचे कबूल केले.

टॉरचे काम नेटवर्कवर चालते. तुमची विनंती तीन स्वयंसेवी सर्व्हरांतून, तीन थरांच्या कूटबद्ध वेष्टनात जाते. पहिल्याला तुमचा पत्ता कळतो, पण तुम्ही कुठे चाललात ते कळत नाही. तिसऱ्याला साइट कळते, पण तुम्ही कोण ते कळत नाही. मधल्याला दोन्ही कळत नाहीत. पत्त्याच्या पट्टीशेजारच्या चिन्हावर टिचकी मारली की हे तिन्ही टप्पे देशांसकट दिसतात. वेग कमी पडतो तो या वळशामुळेच.

बसवणे अवघड नाही. टॉरप्रोजेक्ट डॉट ऑर्गवरूनच उतरवून घ्या, उघडा, कनेक्ट दाबा. जोडणी अडकली तर आधी संगणकाचे घड्याळ पाहा. वेळ किंवा तारीख बरीच चुकलेली असेल तर टॉर जोडले जात नाही, आणि लोक उगाच फायरवॉलशी झटत बसतात. घड्याळ बरोबर असूनही अडले, तर नेटवर्कच टॉरला अडवत असेल. सेटिंगमध्ये कनेक्शनखाली ब्रिज, म्हणजे टॉरमध्ये शिरण्याची छुपी वाट, निवडा: ओबीएफएस४ किंवा स्नोफ्लेक हा प्रकार.

काही जण इथे एक शॉर्टकट मारतात, आणि तोच सर्वांत घातक. टॉर मागे चालू ठेवायचे आणि नेहमीच्या फायरफॉक्समध्ये सॉक्स प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझरची वाहतूक वळवणारा मध्यस्थ, म्हणून १२७.०.०.१ आणि पोर्ट ९१५० भरायचे. पान उघडते, आयपी पत्ताही बदललेला दिसतो, म्हणून काम झाले असे वाटते. पण साइटची नावे शोधण्याचे कामही प्रॉक्सीतूनच व्हावे, हा पर्याय चालू नसेल तर प्रत्येक साइटचे नाव तुमच्या इंटरनेट कंपनीकडे उघड जाते. तो पर्याय चालू केला तरी जुन्या कुकी आणि एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) तिथेच असतात, आणि ब्राउझरचा ठसा, म्हणजे तो ओळखू देणाऱ्या खुणांचा संच, तोच राहतो.

हा ठसा मराठी वाचकांनी नीट समजून घ्यावा. प्रत्येक पान मागताना ब्राउझर आपली पसंतीची भाषा साइटला कळवतो. पसंती मराठी असेल, तर जगभरातल्या गर्दीत तुम्ही एका लहानशा गटात जाऊन बसलात. त्यात डीटीपीसाठी टाकलेले चार-दोन देवनागरी फाँट, भारतीय वेळेचा पट्टा आणि पडद्याचे माप मिळवले, की आयपी पत्ता नसतानाही तुमचा संगणक ओळखू येऊ शकतो. टॉर ब्राउझर याच्या उलट वागतो. तो आपल्या सर्व वापरणाऱ्यांना साइटसमोर एकसारखे दाखवतो: वेळ जागतिक प्रमाणवेळ, फाँट ठरावीक, पानाचे माप २०० बाय १०० पिक्सेलच्या पटीत. कडेला दिसणारी रिकामी पट्टी बिघाड नाही, ती मापे जुळवण्यासाठीच असते. पाने इंग्रजीत मागवू का असे विचारले तर हो म्हणा. त्याने मराठी साइटवरचा मजकूर बदलत नाही. देवनागरी फाँट सोबतच येतात. आणि एकही एक्स्टेन्शन टाकू नका, जाहिराती रोखणारेसुद्धा नाही. प्रत्येक भर तुम्हाला त्या गर्दीतून वेगळे काढते.

टॉरच्याही मर्यादा आहेत. तुम्ही काय पाहता ते नेटवर्कला कळत नाही, पण ब्रिज नसेल तर टॉर वापरता हे कळते. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टळावी म्हणून टॉरमधून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. त्या वेळी विद्यापीठाच्या वायफायवरून टॉरला कोण जोडलेले होते, या नोंदीवरून तपास त्याच्यापर्यंत पोचला. २००७ मध्ये एका स्वीडिश संशोधकाने शेवटच्या टप्प्याचे सर्व्हर चालवून वकिलातींच्या मेल खात्यांचे पासवर्ड मिळवले. त्यांत भारतीय वकिलातीही होत्या. तिसऱ्या सर्व्हरपुढचा मजकूर कूटबद्ध नसेल तर तो उघडाच असतो. म्हणून एचटीटीपीएस नसल्याची सूचना आली की मागे फिरा.

टॉरमधून उतरवलेली वर्डची फाइल इंटरनेट चालू ठेवून बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये उघडू नका. ती फाइल एखादे चित्र परस्पर मागवू शकते, आणि ती मागणी तुमच्या खऱ्या पत्त्यावरून जाते. टॉरेंटचेही (फायली थेट इतरांच्या संगणकांवरून उतरवण्याची पद्धत) तसेच, त्यातूनही खरा पत्ता उघड होऊ शकतो. स्वतःच्या नेहमीच्या खात्यात लॉगिन केले, तर ती साइट तुम्हाला नावानेच ओळखते. एका कामातून दुसऱ्या कामाकडे जाताना कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबून नवी ओळख घ्या. सगळे टॅब मिटतात आणि कुकीही जातात. एखादी साइट फक्त उघडत नसेल तर यूऐवजी एल दाबा, म्हणजे त्या साइटपुरता मार्ग बदलतो.

बँकेची आणि सरकारी कामे टॉरमधून करू नका. तिथे ओळख द्यावीच लागते, आणि परदेशातून आलेले लॉगिन संशयास्पद ठरून खाते गोठू शकते. घरच्या किंवा कॅफेतल्या सामायिक संगणकावर त्यासाठी इन्कॉग्निटोच योग्य. अँड्रॉइड फोनवर टॉर ब्राउझर अधिकृतपणे मिळतो. आयफोनवर तो नाही. तिथे टॉर प्रकल्प अनियन ब्राउझर सुचवतो.