खुब्याचे सांधारोपण

झिजलेला किंवा आतून मेलेला खुब्याचा सांधा काढून त्या जागी धातू, प्लॅस्टिक वा सिरॅमिकचा कृत्रिम सांधा बसवण्याची शस्त्रक्रिया. नागपूरकडे तिला सांधारोपण फारसे कोणी म्हणत नाही. ‘गोळा बदलला’, ‘बॉल टाकला’ असे म्हणतात आणि डॉक्टरांच्या तोंडी ‘टीएचआर’ (टोटल हिप रिप्लेसमेंट) असते. ‘वाटी बदलली’ हा शब्दप्रयोग गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रुळला आहे. गंमत अशी की गुडघ्याच्या ऑपरेशनात समोरची वाटी अनेकदा जागेवरच राहते. वाटी खरोखर बदलतात ती खुब्यात.

रचना आणि दुखणे : मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो आणि कमरेच्या हाडात त्याला बसायला खोलगट वाटी. दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. ते गेले की हाडावर हाड घासते. खुब्याचे दुखणे बहुतेकदा जांघेत जाणवते, कुल्ल्यात किंवा मांडीत उतरते, आणि कधी फक्त गुडघ्यातच कळते, कारण दोन्ही सांध्यांना जाणाऱ्या काही नसा एकच आहेत. गुडघ्याला महिनोन्‌महिने तेल चोळणारा, गुडघ्याचा एक्स-रे दोनदा काढलेला रुग्ण म्हणूनच नवा नाही. दुखण्याबरोबर हालचालही जाते. मांडी घालता येत नाही, पायाची नखे कापता येत नाहीत, मोटरसायकलवर पाय टाकायला दुसऱ्या बाजूने यावे लागते. ‘खाली बसल्याच जात नाही’ ही तक्रार इथल्या ओपीडीत रोज ऐकू येते. उताणे झोपवून गुडघा वाकवावा आणि पाऊल बाहेर नेत मांडी आत वळवावी. जांघेत कळ आली तर एक्स-रे खुब्याचा काढायचा.

कारणे : पाश्चात्त्य देशांत ही प्रामुख्याने म्हातारपणच्या झिजेची शस्त्रक्रिया आहे. विदर्भात चित्र वेगळे दिसते. इथे तिशी-चाळिशीतले, कधी विशीतलेही रुग्ण येतात, कारण झिजेइतकाच महत्त्वाचा आजार म्हणजे गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरणे, डॉक्टरांच्या भाषेत ‘एव्हीएन’. गोळ्याला रक्त नेणाऱ्या वाहिन्या बारीक आणि मोजक्या. त्या अडल्या की आतले हाड ठिसूळ होते आणि शरीराच्या वजनाने गोळा चेपतो. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड, अतिमद्यपान आणि जुना मार ही नेहमीची कारणे. कोविडच्या काळात स्टेरॉइड घेतलेल्यांतही हा आजार दिसला.

त्यात भर सिकलसेलची. विदर्भातल्या आदिवासी आणि काही दलित समाजांत या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण मोठे आहे. ‘एएस पॅटर्न’ म्हणजे वाहक आणि ‘एसएस पॅटर्न’ म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण, ही भाषा गडचिरोली-भंडाऱ्याच्या गावांतही समजते. एसएस रुग्णाच्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि खुब्याचा गोळा कोवळ्या वयात मरू शकतो. साध्या एक्स-रेत सुरुवातीला काहीच दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. गोळा चेपण्याआधी कळले तर हाडात भोक पाडून आतला दाब कमी करण्याचा छोटा उपाय करता येतो. दुसरा खुबाही तपासून घ्यावा, कारण पुष्कळदा दोन्हीकडे सुरुवात झालेली असते. याशिवाय संधिवात, पाठीचा कणा आखडवणारा अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, जन्मतः उथळ वाटी, बरा झालेला क्षय आणि म्हातारपणी पडून मोडलेली खुब्याची मान हीही कारणे आहेत.

इतिहास : १८९१ मध्ये बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी हस्तिदंती गोळ्याची कल्पना मांडली. फिलिप वाइल्स यांनी १९३८ मध्ये लंडनला पोलादी सांधा बसवला. शस्त्रक्रिया खऱ्या अर्थाने जमली ती इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांच्या हाती. त्यांनी आधी टेफ्लॉनची वाटी वापरली. ती काही वर्षांत झिजून गेली आणि झिजलेल्या कणांनी भोवतीचे हाड खाल्ले. मग नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांनी घट्ट पॉलिथिलीनची वाटी, लहान धातूचा गोळा आणि ॲक्रिलिक सिमेंट अशी जोडी बसवली. आजचे सांधे तिचेच वंशज आहेत. २००७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या शस्त्रक्रियेला शतकातली शस्त्रक्रिया म्हटले, ते फार अतिशयोक्त वाटत नाही.

तयारी : ऑपरेशन दीड-दोन तासांचे, तयारी महिन्याभराची. आणि फसलेल्या ऑपरेशनांची मुळे कधी कधी या महिन्यातच सापडतात.

नागपुरात पहिला प्रश्न खर्ऱ्याचा, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीचा. भूलतज्ज्ञ रुग्णाला तोंड उघडायला सांगतात आणि स्वतःची तीन बोटे उभी धरून वरच्या-खालच्या दातांमधले अंतर बघतात. वर्षानुवर्षे खर्रा घोटणाऱ्याच्या तोंडात कधी दीडच बोट मावते. गालाच्या आतली त्वचा ताठलेली असते. भूल कमरेतून द्यायची असली तरी गरज पडल्यास श्वासनळीत नळी घालता आली पाहिजे, म्हणून हे बघावेच लागते. तंबाखूने वाहिन्या आकसतात आणि जखम व हाड भरायला उशीर होतो, तेव्हा खर्रा, बिडी, सिगारेट किमान चार आठवडे आधी बंद. ‘ऑपरेशनच्या दिवशी खाल्ला नाही’ याला काही अर्थ नाही. उशीखाली लपवलेली खर्ऱ्याची पन्नी परिचारिकांना बरोबर सापडते.

दुसरी गोष्ट जंतू. कृत्रिम सांध्याला रक्त नसते, त्यावर जंतू बसले की औषध पोचत नाही. म्हणून किडलेल्या दातांवर आधी उपचार करायचे, लघवीचा संसर्ग बरा करायचा, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा साधारण साडेसातच्या आत आणायचा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा जांघेत घाम साचून गजकर्ण होते. चिरा जिथे द्यायचा त्याच्या शेजारी असे चट्टे असले तर ऑपरेशन पुढे ढकलतात. त्याचा राग धरू नये.

सिकलसेलच्या रुग्णाची तयारी निराळी. हिमोग्लोबिन दहाच्या आसपास आणण्यासाठी रक्त द्यावे लागू शकते, त्यामुळे रक्तपेढीशी आधी बोलून ठेवावे. उपाशीपोटी तासन्‌तास सुकू द्यायचे नाही, सलाइन आधीपासून लावायचे. थिएटरात थंडी वाजू द्यायची नाही. यातली कोणतीही चूक झाली की पेशी वाकून कळांचा झटका येतो. हाडाची पोकळीही जागोजागी बुजलेली असते, म्हणून तिच्यात कृत्रिम सांध्याचा दांडा बसवणे अवघड होते आणि मांडीचे हाड तडकण्याचा धोका वाढतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या हे हृदयरोगतज्ज्ञाला विचारून ठरवतात, स्वतःच्या मनाने नाही. सांधेदुखीवर कोणी दिलेल्या बिननावाच्या पुड्या घेत असल्यास त्या दाखवाव्यात, लपवू नयेत. त्यांत स्टेरॉइड असू शकते आणि ते एकदम तुटले तर ऑपरेशनात रक्तदाब कोसळू शकतो.

घराची तयारी दवाखान्यात भरती होण्याआधी करायची असते. भारतीय संडासावर कमोडची खुर्ची आणावी. पलंगाखाली लाकडी ठोकळे देऊन उंची वाढवावी. माप सोपे आहे: बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा वर जाता कामा नये. कूलरची वायर आणि पाण्याचा पाइप वाटेतून हलवावा आणि कूलरपुढची ओली फरशी रोज पुसावी, कारण वॉकरची रबरी टोके तिथेच घसरतात.

शस्त्रक्रिया : मांडीच्या बाजूने, मागून किंवा समोरून चिरा देतात. खराब गोळा कापून काढतात, वाटी खरवडून त्यात धातूचा कप दाबून बसवतात, कपाच्या आत पॉलिथिलीन वा सिरॅमिकचे अस्तर. मांडीच्या हाडाच्या पोकळीत दांडा आणि त्यावर नवा गोळा. हाड मजबूत असेल तर सिमेंटशिवाय, ठिसूळ असेल तर अनेकदा सिमेंटने. पायांची लांबी जुळवण्याचा प्रयत्न असतो, तरी किंचित फरक राहू शकतो.

नंतरचे दिवस : त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. टाके दोन आठवड्यांनी निघतात. पोटरीत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून इंजेक्शन किंवा गोळ्या काही आठवडे चालतात. पोटरी सुजली किंवा दम लागला तर थेट दवाखाना. मागून ऑपरेशन झालेल्यांनी पहिले सहा ते बारा आठवडे कमरेतून ९० अंशांपेक्षा जास्त वाकायचे नाही, पायावर पाय टाकायचा नाही, कुशीवर झोपताना मांड्यांत उशी. नाहीतर गोळा वाटीतून निसटू शकतो. पंगतीत बसणे, उकिडवे बसणे आणि धानाची रोवणी हे प्रश्न त्यामुळे डॉक्टरांपुढे मोकळेपणाने मांडावेत. भंडारा-गोंदियाच्या बाईला ‘खाली बसू नका’ एवढे सांगून भागत नाही. तिचे निम्मे काम वाकूनच असते.

रुग्णालये आणि खर्च : नागपुरात धंतोली-रामदासपेठेतली खासगी रुग्णालये, तसेच मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये आणि मिहानमधले एम्स. छिंदवाडा, बालाघाट, शिवनीचे रुग्णही इथेच येतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. आपले ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात तिच्यात बसेल हे भरती होण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, विचारावे.

सांध्याचे आयुष्य : २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या विश्लेषणानुसार सुमारे ५८ टक्के सांधे २५ वर्षे टिकतात. सत्तरीच्या आजोबांना हा आकडा पुरेसा आहे. पंचविशीतल्या एसएस रुग्णाला दुसरे ऑपरेशन बहुधा लागणारच. तेव्हा बसवलेल्या भागांचे छापील स्टिकर मागून घ्यावेत. त्यांवर कंपनी, माप आणि लॉट क्रमांक असतो. २०१० मध्ये धातूवर धातू घासणारा एक सांधा जगभरातून परत मागवला गेला, तेव्हा आपल्या मांडीत नेमके काय आहे हे ज्यांच्या कागदांत होते त्यांना लगेच कळले. वीस वर्षांनी दुसरा सर्जन रुतलेला दांडा काढायला घेईल तेव्हाही तो हाच कागद मागेल. एक प्रत सिकलसेल कार्डाच्या पाकिटात ठेवावी आणि एकीचा फोटो मोबाइलमध्ये. थर्मल छपाई काही वर्षांत फिकट होते, म्हणून झेरॉक्सही काढून ठेवावी.