गजकर्णाची कॅप्सूल आणि कोलेस्टेरॉलची गोळी

आमच्या लालबागच्या चाळीतल्या एक काकू, सत्तरीच्या, गेल्या पावसाळ्यात जिनाच चढेनात. मांड्या इतक्या दुखायच्या की मधल्या मजल्यावरच बसून राहायच्या, आम्ही सगळे म्हणायचो वय झालं, हवा दमट आहे. मग लघवी कोऱ्या चहासारखी व्हायला लागली तेव्हा मुलगी घाबरली आणि घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोळ्या पिशवीत भरून फॅमिली डॉक्टरांकडे गेली. रक्तात सीपीके, म्हणजे स्नायूंमधलं एक एन्झाइम, भयंकर वाढलेलं. म्हणजे स्नायूंच्या पेशी फुटून आतलं सगळं रक्तात येत होतं, आणि त्याने किडनी बसू शकते, म्हणून अ‍ॅडमिट करून सलाइन लावावं लागलं.

झालं काय होतं, तर हार्टवाल्या डॉक्टरांची कोलेस्टेरॉलची गोळी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन कित्येक वर्षं चालू होती आणि गजकर्णासाठी स्किनवाल्यांनी फंगस मारणारी इट्राकोनॅझोलची कॅप्सूल दिली. दोन्ही औषधं चांगलीच, फक्त एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिलीच नव्हती.

लिव्हरमध्ये सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम असतं, ते औषधं तोडून शरीराबाहेर जाण्याजोगी करतं आणि कितीतरी औषधं या एकावरच अवलंबून आहेत. इट्राकोनॅझोल नेमकं त्यालाच अडवून धरतं. भरतीच्या वेळी दादरच्या सखल हिंदमाताला कसं होतं, पाऊस नेहमीएवढाच पण पाणी जायला जागा नाही म्हणून गुडघाभर साचतं, तसंच. काकूंची गोळी रोज एकच, पण रक्तात ती साचत गेली. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन अशाने साधारण तिप्पट होतं, आणि कोलेस्टेरॉलचीच दुसरी गोळी सिमव्हास्टॅटिन असेल तर दहापटीच्याही वर जातं, म्हणून ती जोडी द्यायचीच नाही असं ठरलेलं आहे. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिकही असंच अडवतं, त्याच घराण्यातलं अ‍ॅझिथ्रोमायसिन मात्र जवळजवळ नाही. वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना फंगससाठी फ्लुकोनॅझोल घेतलं तर तिथे एन्झाइम दुसरं, सीवायपी२सी९, पण गोष्ट तीच, आणि तिथे भीती रक्तस्रावाची.

मला जास्त काळजी वाटते ती उलट्या प्रकाराची, कारण तो दिसतच नाही. टीबीच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन या एन्झाइम्सना अडवत नाही, वाढवतं. मग बाकीची औषधं काम करायच्या आधीच तुटून जातात. गर्भनिरोधक गोळ्या नियमित घेऊनही दिवस राहू शकतात, आणि मुंबईत टीबी किती घरांत आहे ते सांगायला नको, त्यात तरुण मुली किती, त्यांना हे आधी कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. वॉरफेरिनचंही तसंच, रक्त पातळ होईना म्हणून डॉक्टर डोस वाढवत नेतात. मग टीबीचा कोर्स संपतो, घरात पेढे वाटतात, आणि पुढच्या दोनेक आठवड्यांत लिव्हर परत मूळ वेगावर येतं. वॉरफेरिनचा डोस मात्र वाढवलेलाच चालू असतो आणि रक्तस्रावाची भीती असते, म्हणून रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी आयएनआर टेस्ट या दिवसांत पुन्हा पुन्हा करायची असते.